आवाजाने पाखडणं: काचेच्या बारीक नळीत अल्ट्रासाउंडने कण वेगळे करायला शिकताना

आमच्याकडे गोव्यात, फोंड्यात अजून बऱ्याच घरांत सूप आहे. उकडे तांदूळ निवडायला आई सूप हातात घेते, मनगटाला एक लय लावते, आणि बघता बघता कोंडा पुढच्या काठाशी येतो, दाणे मागे राहतात. गाळणी फक्त आकार बघते. सुपाला आकारही कळतो, वजनही कळतं, आणि हात थांबला की सगळं थांबतं.

या लेखात तेच काम करायचं आहे. दाण्यांच्या जागी काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण आहेत, सुपाच्या जागी ०.४ मिलिमीटर पोकळीची काचेची नळी आहे, आणि मनगटाच्या जागी सेकंदाला जवळजवळ १९ लाख वेळा थरथरणारी एक चकती. आवाजाच्या दाबाने द्रवातले कण हलवायचे आणि त्यांच्या गुणांप्रमाणे वेगवेगळ्या वाटेला लावायचे, असं हे तंत्र. फर्मागुडी, ताळगाव, झुआरीनगर किंवा कुंकळ्ळीला शिकणाऱ्या आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शोधणाऱ्या मुलामुलींना डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहितो आहे. बारावीचं भौतिकशास्त्र झालेल्या कोणालाही ते जमेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण दर वर्षी तीच चूक होताना पाहतो. नवीन माणूस थेट 'वेगळं करण्याच्या' मागे लागतो. तीन तोंडांची महागडी चिप, म्हणजे बारीक चर कोरलेली काचेची किंवा सिलिकॉनची पट्टी, मागवतो, पंप जोडतो, आणि दोन महिने दोन्ही नळ्यांतून सारखाच गढूळ द्रव गोळा करत बसतो. आधी साध्या सरळ नळीत कणांची एक रेघ उमटताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. रेघ कधी येते आणि कधी जाते हे हाताला कळलं की वेगळं करणं ही पुढची छोटी पायरी राहते.

आधी थोडं आत डोकावू

माणसाला २० हर्ट्झ ते २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. आपण वापरणार आहोत तो साधारण २० लाख हर्ट्झचा, म्हणजे २ मेगाहर्ट्झचा. सोनोग्राफीचं यंत्रही याच टापूत काम करतं. पाण्यात आवाजाचा वेग २५ अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे १,४९७ मीटर असतो, म्हणून २ मेगाहर्ट्झला तरंगलांबी येते पाऊण मिलिमीटर. नळीची रुंदी बरोबर अर्धी तरंगलांबी असेल तर दोन भिंतींमध्ये स्थिर तरंग उभा राहतो. मध्यभागी दाबाचा निस्पंद, जिथे दाब बदलत नाही. भिंतींपाशी प्रस्पंद, जिथे दाब सर्वांत जास्त हेलकावतो.

आवाज धुळीला ओळीत बसवतो हे जुनं ज्ञान आहे. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट कुंट याने १८६६ मध्ये काचेच्या नळीत बारीक भुकटी पसरून आवाज सोडला आणि भुकटीचे ढीग मोजून तरंगलांबी काढली. द्रवातल्या कणांवर स्थिर तरंगाचा किती जोर पडतो, याचं गणित १९३४ मध्ये किंग, १९५५ मध्ये योसिओका आणि कावासिमा, आणि १९६२ मध्ये गोरकोव्ह यांनी टप्प्याटप्प्याने पुरं केलं. चिपवरचं आजचं बरंचसं काम स्वीडनच्या लुंड विद्यापीठात थॉमस लॉरेल यांच्या गटाने रुळवलं, आणि त्याचं गणित नीट समजून घ्यायचं असेल तर डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातले हेन्रिक ब्रूस यांचे लेख वाचावेत. ते विद्यार्थ्यांना हाताशी धरून नेतात.

गणितातून दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी काम चालतं.

पहिली, आकाराची. आवाजाचा जोर कणाच्या त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढतो. पाण्याचा अडथळा नुसत्या त्रिज्येप्रमाणे वाढतो. म्हणून कण सरकण्याचा वेग त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १० मायक्रॉनचा कण ५ मायक्रॉनच्या कणापेक्षा चौपट वेगाने मध्यभागी जातो. आकारावर वेगळं करण्याची सगळी किमया या 'चौपट'मध्ये आहे.

दुसरी, स्वभावाची. कण मध्यभागी जाईल की भिंतीकडे, हे त्याची घनता आणि तो किती दबतो यांवर ठरतं. पाण्यापेक्षा जड आणि कमी दबणारा कण मध्यभागी येतो: पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे मणी, यीस्टच्या पेशी, रक्तातल्या तांबड्या पेशी. पाण्यापेक्षा हलका आणि जास्त दबणारा कण भिंतीकडे जातो: तेलाचा, चरबीचा थेंब. लुंडच्या गटाने याचाच उपयोग करून हृदयाच्या शस्त्रक्रियेत गोळा होणारं रक्त डोळ्यांपुढे ठेवून रक्तातून चरबीचे थेंब बाजूला काढून दाखवले. तांबड्या पेशी मधल्या तोंडातून बाहेर, चरबी कडेच्या तोंडांतून. ते रक्त रुग्णाला परत द्यायचं असतं आणि चरबीचा थेंब मेंदूच्या बारीक रक्तवाहिनीत अडकला तर घात होतो, हे लक्षात घेतलं की या कामाचं मोल कळतं.

सामान

नळी: चौकोनी पोकळीची बोरोसिलिकेट काचेची, आतून ०.४ मिलिमीटर बाय ०.४ मिलिमीटर, लांबी ८ ते १० सेंटिमीटर. गोल नळी घेऊ नका. वक्र काचेतून सूक्ष्मदर्शकाला आतलं वाकडं दिसतं आणि तरंगही सरळ उभा राहत नाही. काच कशासाठी, तर ती आवाज परतवते. बारीक चरांतून द्रव खेळवण्याची कामं करणारे बरेच जण सिलिकॉन रबराच्या मऊ चिपा ओततात. त्या स्वस्त आणि सोप्या आहेत, पण ते रबर आवाजाच्या दृष्टीने जवळजवळ पाण्यासारखंच आहे. भिंत आहे हे आवाजाला कळतच नाही. तो आरपार जातो आणि रबरात जिरतो. मऊ चिप वापरायची तर लिथियम नायोबेट या स्फटिकाच्या पृष्ठावर धावणाऱ्या तरंगांची वेगळी पद्धत लागते. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

चकती: वीज दिली की थरथरणाऱ्या पीझेडटी नावाच्या सिरॅमिकची, १ मिलिमीटर जाडीची. या जाडीला तिची स्वतःची वारंवारता २ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. ती मिळेपर्यंत धुकं उडवणाऱ्या यंत्रांतली १.७ मेगाहर्ट्झची चकती चालवून घेता येते. फक्त चकती घ्या, तिच्याबरोबर येणारा सर्किट बोर्ड बाजूला ठेवा. ती आपल्या नळीला लागणाऱ्या वारंवारतेपासून जरा दूर आहे, त्यामुळे जोर कमी मिळेल, पण रेघ दिसू शकते. पीझेडटीमध्ये शिसं असतं. तिला कानस लावू नका, फुटली तर तुकडे पिशवीत बंद करा, हात धुवा.

सिग्नल जनरेटर: ५ मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा आणि १० व्होल्ट (शिखर ते शिखर) देणारा कुठलाही. गाण्यांचा अॅम्प्लिफायर इथे निरुपयोगी आहे, तो मेगाहर्ट्झला हलतच नाही. ऑसिलोस्कोप असेल तर फार बरं, कारण चकती जोडल्यावर व्होल्टेज किती खाली बसतं ते त्यावर दिसतं.

सूक्ष्मदर्शक: कॉलेजातला साधा, ४ आणि १० पटींच्या भिंगांचा. मोबाइल धरायला एक पकड.

आणि कण. पॉलिस्टायरिनचे मोजून बनवलेले मणी विकत मिळतात, पण महाग. पहिल्या महिन्यासाठी पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे जा. पूर्वी आमचा पाव सुरेवर, म्हणजे माडाच्या ताडीवर फुगायचा, आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट वापरतात. यीस्टची पेशी साधारण ५ मायक्रॉनची, गोलसर, पाण्यापेक्षा किंचित जड. याहून चांगला पहिला कण मला माहीत नाही. १ ग्रॅम कोरडं यीस्ट १०० मिलिलिटर कोमट पाण्यात ढवळा, मग त्यातलं १ मिलिलिटर घेऊन २० मिलिलिटर पाण्यात मिसळा. साखर अजिबात घालू नका. घातली तर ते फसफसायला लागेल, आणि नळीत वायूचा एक बुडबुडा म्हणजे दिवस वाया.

जोडणी

इथे घाई करू नका. माझ्या अनुभवात दहातले आठ प्रयोग याच पायरीवर बिघडतात, आणि बिघडले आहेत हे कळायला आठवडा जातो.

सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी घ्या. बहुतेकजण चकतीवर नळी चिकटवतात आणि मग खालून प्रकाश सोडतात. चकती अपारदर्शक आहे, काही दिसत नाही. म्हणून चकती पट्टीच्या एका टोकाला लावा आणि नळी पट्टीवर आडवी, चकतीला लागून पण तिच्या बाहेर. काचपट्टी सगळी थरथरते, आवाज तिच्यातून नळीपर्यंत पोचतो, आणि नळीखालची काच बघायला मोकळी राहते.

चिकटवायला दोन मार्ग. सायनोअॅक्रिलेट, म्हणजे घरात ज्याला आपण फेव्हिक्विक म्हणतो त्या जातीचा डिंक, पातळ थरात, वर वजन ठेवून. किंवा ग्लिसरीनचा एक थेंब, म्हणजे नंतर सुटं करता येतं. पहिल्या प्रयत्नाला ग्लिसरीन, जागा ठरली की डिंक. सोनोग्राफीची जेलही चालते, पण ती तासाभरात वाळते आणि जोर हळूहळू उतरत जातो. तुम्हाला वाटतं यीस्ट बिघडलं, आणि बिघडलेली असते जेल.

थर कसलाही असो, त्यात हवा राहता कामा नये. काच आणि चकती यांच्यामध्ये केसाएवढी हवेची फट असेल तर मेगाहर्ट्झचा आवाज तिच्यापलीकडे जवळजवळ जात नाही. पट्टी उलटी करून उजेडात धरा. चकती खालून एकसारखी गडद दिसली पाहिजे. कुठे चंदेरी ठिपका चमकला तर ती हवा आहे. काढा, पुसा, पुन्हा लावा. मी हा ठिपका 'चालेल' म्हणून सोडून दिला त्या प्रत्येक वेळी तो दिवस फुकट गेला.

चकतीला तार डाखताना डाखणी दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. तापलेलं सिरॅमिक आपला गुण हरवतं. तारा बारीक घ्या, जड तार चकतीला दाबून ठेवते.

नळीच्या दोन्ही टोकांना बारीक सिलिकॉनची नळी सरकवा आणि एपॉक्सीने बंद करा. पंप नसेल तर सलाईनच्या नळीने उंचीवर द्रव टांगता येतो, पण एक हिशेब आधी बघा. १० सेंटिमीटर लांबीच्या आपल्या नळीत, बाकी नळ्या रुंद असतील तर, पाण्याच्या पातळीत फक्त १ सेंटिमीटरचा फरक असला तरी मिनिटाला सुमारे ५० ते ६० मायक्रोलिटर वाहतं. आपल्याला सुरुवातीला १० ते २० हवेत. म्हणजे दोन बाटल्या जवळजवळ समान उंचीवर ठेवायच्या आणि त्यांच्याखाली वह्या सरकवून मिलिमीटरने खेळायचं. सिरिंज पंप असेल तर १ मिलिलिटरची सिरिंज लावा. मोठी सिरिंज मंद गतीला धक्के देते.

पाणी उकळा

ही वेगळी पायरी म्हणून लिहितो आहे, कारण ती सगळे गाळतात. नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते. आवाज आणि उष्णता मिळाली की ती बुडबुडे होऊन भिंतीला चिकटते. बुडबुडा स्वतः थरथरतो, आजूबाजूचे कण गरागरा फिरवतो आणि तुमचा स्थिर तरंग मोडतो. पाणी दहा मिनिटं उकळा, झाकून थंड करा, मगच त्यात यीस्ट मिसळा. नळी भरताना आधी पाण्यात थेंबभर भांडी धुण्याचं द्रावण टाकून ते पाणी एकदा फिरवा, मग साधं पाणी. काच ओली होते आणि कोपऱ्यात हवा अडकत नाही. चौकोनी नळीला चार कोपरे आहेत हे विसरू नका.

रेघ शोधणं

आता मजेचा भाग. प्रवाह बंद ठेवा. सूक्ष्मदर्शकात ४ पटींचं भिंग लावा, नळीच्या दोन्ही कडा दिसू देत. यीस्ट एकसारखं पसरलेलं, धुक्यासारखं दिसेल.

अर्ध्या तरंगलांबीचा हिशेब असा: आवाजाचा वेग भागिले रुंदीची दुप्पट. १,४९७ भागिले ०.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १.८७ मेगाहर्ट्झ. ही फक्त सुरुवातीची जागा. काचेच्या भिंती, डिंक, चकतीची जागा हे सगळे मिळून खरी वारंवारता थोडी इकडेतिकडे सरकवतात. म्हणून १.७ पासून २.० मेगाहर्ट्झपर्यंत ५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी चढा, प्रत्येक पायरीवर दहा सेकंद थांबा, डोळा भिंगावरून हलवू नका. दोघं असाल तर एकाने आकडा वाचावा, दुसऱ्याने बघावं.

बराच वेळ काही होत नाही. मग एखाद्या पायरीवर धुक्यात एक हालचाल येते, जणू कुणी दोन्ही बाजूंनी पडदे ओढतं आहे. कडेचं पाणी स्वच्छ व्हायला लागतं, आणि मधोमध पांढरी, सुतासारखी रेघ घट्ट होत जाते. काही ठिकाणी ती गाठीगाठींची असते, कारण नळीच्या लांबीतही तरंग उभे राहतात. जनरेटर बंद करा, रेघ विसकटायला लागते. पुन्हा चालू करा, पुन्हा ओढली जाते. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ती काही बोललीच नाही, नुसतं बटण चालू-बंद करत राहिली. मी तिला थांबवलं नाही. तिच्याइतका वेळ तुम्हीही घ्या.

मग १ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी बारीक शोध घ्या आणि रेघ सर्वांत लवकर जिथे होते तो आकडा वहीत लिहा. शेजारी खोलीचं तापमानही लिहा.

तापमान का, ते सांगतो. एका मे महिन्यात आम्ही सकाळी सुंदर रेघ मिळवली. दुपारी वीज गेली, एसी बंद पडला, सिग्नल जनरेटर आणि दिवा बॅटरीवर चालू होते. तासाभरात रेघ नाहीशी. आम्ही जोडणी सोडली, पुन्हा चिकटवली, यीस्ट बदललं. तीन दिवस गेले. कारण साधं होतं. पाण्यात आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे १,४८२ मीटर असतो, ३० अंशांना सुमारे १,५०९. एसीतल्या २४ अंशांवरून दुपारच्या ३३ अंशांवर गेलं की आपल्या नळीची वारंवारता २५ ते ३० किलोहर्ट्झने वर सरकते. अनुनादाचं शिखर त्याहून अरुंद असतं. आम्ही सकाळच्या आकड्यावर बसून दुपारची नळी वाजवत होतो. घुमट वाजवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, चामडं सैल पडलं की तो आधी ते शेकतो आणि मग हात टाकतो. आपणही प्रत्येक बैठकीच्या आधी वारंवारता नव्याने लावून घ्यायची. चकती स्वतःही तापते, म्हणून तिच्याजवळ एक तापमापी चिकटवा, आणि व्होल्टेज वाढवल्यावर पाच मिनिटं थांबूनच नोंद घ्या.

मोजा

रेघ दिसली, आता तिला आकड्यात धरू. मोबाइलवर चित्रफीत घ्या. आवाज चालू केल्यापासून कडेजवळचा कण मध्यभागी यायला किती सेकंद लागतात ते मोजा. पॉलिस्टायरिनचा ५ मायक्रॉनचा मणी, ०.४ मिलिमीटरची नळी, आणि आवाजाची ऊर्जाघनता दर घनमीटरला १० जूल धरली तर भिंतीजवळून मध्यापर्यंत चार ते पाच सेकंद लागतात. १० मायक्रॉनच्या मण्याला सव्वा सेकंदाच्या आसपास. तुमचे आकडे याच्या जवळपास असतील तर जोडणी उत्तम आहे. अर्धा मिनिट लागत असेल तर जोर कमी पोचतो आहे. चिकटवलेला थर बघा.

एक कसोटी जरूर करा: व्होल्टेज दुप्पट करा. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून वेळ चौथ्या हिश्श्यावर यायला हवा. तसं झालं नाही तर एक तर चकती तापून वारंवारता सरकली आहे, नाहीतर तुम्ही बघता आहात ती हालचाल आवाजाच्या जोराची नाही, प्रवाहाची आहे.

त्या प्रवाहाबद्दल दोन शब्द. भिंतीपाशी आवाज पाण्यालाच घासतो आणि त्यातून नळीत मंद भोवरे तयार होतात. लॉर्ड रॅली याने १८८४ मध्ये त्यांचं स्पष्टीकरण दिलं. मोठ्या कणांवर आवाजाचा जोर भारी पडतो, बारीक कणांना भोवरा ओढून नेतो. २ मेगाहर्ट्झला पाण्यातल्या पॉलिस्टायरिनसाठी ही सीमा दीड ते दोन मायक्रॉनच्या आसपास येते. म्हणून या साध्या नळीत जिवाणू गोळा करायचं स्वप्न बघू नका. ते गोल गोल फिरतील आणि तुम्ही महिनाभर वारंवारता बदलत बसाल.

नारळाचा रस

स्वभावावर वेगळं होणं बघायला प्रयोगशाळेतलं काही लागत नाही. ताज्या नारळाचा दाट रस काढा, आधी फडक्यातून, मग अतिबारीक जाळीतून दोनदा गाळा, नाहीतर चोथ्याचा एक तंतू नळी बंद करेल. उकळून गार केलेल्या पाण्यात त्याचे काही थेंब टाका, आणि हे यीस्टच्या पाण्यात मिसळा. रस ताजाच हवा, अर्ध्या तासात साय वर चढते. फ्रीजमधला नको, खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि गोठलेला थेंब दबण्याच्या बाबतीत वेगळा वागतो.

आता त्याच वारंवारतेवर आवाज सोडा. यीस्ट मधोमध येईल. तेलाचे थेंब उलट दिशेला निघतील आणि दोन्ही भिंतींना लागून चमकदार किनार होईल. एकाच तरंगाने एकाला आत ओढलं, दुसऱ्याला बाहेर लोटलं. रक्तातल्या चरबीचं जे वर सांगितलं ते हेच, नारळाच्या भाषेत. रक्ताचा प्रयोग मात्र घरी किंवा साध्या वर्गात करायचा नाही, स्वतःच्या बोटाच्या थेंबाचासुद्धा नाही. त्याला जैवसुरक्षेची सोय असलेली प्रयोगशाळा आणि रीतसर परवानगी लागते.

आता वेगळं करा

इथपर्यंत आलात तर तीन तोंडांची काच किंवा सिलिकॉनची चिप मागवायला हरकत नाही. अशा चिपमध्ये साधारण ३७५ मायक्रॉन रुंद आणि १५० मायक्रॉन खोल चर असतो. अर्ध्या तरंगलांबीने त्याची वारंवारता २ मेगाहर्ट्झ. नमुना दोन्ही कडांनी आत सोडतात, स्वच्छ पाणी मधून. इतक्या लहान चरात पाणी थरांनी शांत वाहतं, मिसळत नाही. आवाज नसेल तर कडेचे कण कडेनेच बाहेर पडतात. आवाज असेल तर लवकर सरकणारे कण मधल्या थरात पोचतात आणि मधल्या तोंडातून निघतात.

समजा १० आणि ५ मायक्रॉनचे मणी वेगळे करायचे आहेत. मोठ्याला मध्यभागी यायला सव्वा सेकंद, लहानाला चार-पाच. तर कण आवाजाखाली दीड सेकंद राहील असा प्रवाह ठेवा. चर ३० मिलिमीटर लांब असेल तर वेग सेकंदाला २० मिलिमीटर, म्हणजे एकूण प्रवाह मिनिटाला सुमारे ६७ मायक्रोलिटर. मधलं पाणी कडेपेक्षा जोरात धावतं, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा. तिथून सुरू करा. लहान मणीही मध्ये येताना दिसले तर प्रवाह वाढवा किंवा व्होल्टेज उतरवा. मोठे कडेने निसटत असतील तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदला.

बाहेरच्या नळ्या समान लांबीच्या कापा. एक नळी दोन सेंटिमीटर लांब राहिली तरी तिच्यातून कमी वाहतं, रेघ तिच्यापासून दूर, एका बाजूला सरकते आणि चुकीच्या तोंडात शिरते. कणांची गर्दीही आवरा. फार दाट नमुन्यात कण एकमेकांना ओढत नेतात आणि आकाराचा फरक पुसला जातो.

निकाल तपासायला रक्तपेशी मोजण्याची चौकटीची काच वापरा, पॅथॉलॉजीवाल्यांकडे असते ती. दोन्ही तोंडांचे थेंब मोजा. आणि आवाज बंद ठेवून, त्याच प्रवाहाला, तेवढाच वेळ गोळा केलेला नमुनाही मोजा. हा तिसरा आकडा नसेल तर पहिल्या दोघांना अर्थ नाही. प्रकल्पाच्या सादरीकरणात बाहेरचे परीक्षक हाच आकडा आधी मागतात, आणि बरोबर करतात.

पुढे काय करता येईल याला आपल्याकडे तोटा नाही. मांडवीच्या पाण्यातला बारीक गाळ, किनाऱ्यावरच्या वाळूतलं मायक्रोप्लास्टिक, खाजनातल्या (बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) पाण्यातली डायटम ही सूक्ष्म शेवाळं. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, समुद्राच्या पाण्यात काय काय तरंगतं हे जाणणारी माणसं तिथे आहेत. खाऱ्या पाण्यात मात्र एक लक्षात ठेवा. मीठ वाढलं की पाणी जड होतं आणि त्यात आवाज जोरात धावतो, म्हणून वारंवारता पुन्हा लावायची, आणि काही कणांचा जोर कमी पडलेला दिसेल, कारण पाण्याशी त्यांचा फरकच कमी झालेला असतो.

उठण्यापूर्वी

नळी त्याच दिवशी धुवा. आधी साधं पाणी, मग भांडी धुण्याच्या द्रावणाचं पाणी, मग पुन्हा साधं, शेवटी सिरिंजने हवा ढकलून कोरडी. नारळाचा रस वापरला असेल तर मधे कोमट पाणी फिरवा, नाहीतर भिंतीला तेलाचा थर राहतो आणि दुसऱ्या दिवशी यीस्ट त्याला चिकटतं. यीस्ट रात्रभर आत राहिलं तर आपल्याकडच्या उकाड्यात ते भिंतीवर धरतं, आणि सकाळी भिंगाखाली नळीभर पिवळसर साय आणि तिच्यात अडकलेले बुडबुडे दिसतात. अशी नळी मी दोनदा स्वच्छ करायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा शेवटी नवी चिकटवावी लागली.